पालवीवर लिहू पाहणाऱ्यास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तू पाठवलेल्या सातही कविता मी दोनदा वाचल्या, एकदा सलग आणि नंतर प्रत्येकीला एकेक सकाळ देऊन. सातही कवितांतली खंत एकच आहे, की बालपण गेले आणि तारुण्यही निसटत चालले आहे, आणि त्यासाठी तू फुले, दवबिंदू, पालवी आणि पहाट यांना साक्षीला बोलावले आहेस. विषय जुना आहे म्हणून तो टाळावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. जे दुःख विसाव्या वर्षी खरोखर होते, त्यावर विसाव्या वर्षीच लिहिले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. तुझ्या कवितांमध्ये फूल उमलण्याआधीच त्याच्या नावाने शोक सुरू होतो, आणि त्या शोकात वाचणाऱ्याला फूल दिसायचेच राहून जाते.

पहिल्या कवितेतला गवताच्या टोकावरचा दवबिंदू घे. तुझ्या वयात मीही तो असाच वापरत असे. पुढे एका पहाटे गवतापाशी गुडघे टेकून बसलो, तेव्हा दिसले की पात्याच्या अंगभर दवाचा बारीक, धुरकट थर असतो आणि अगदी टोकावर एक टपोरा थेंब वेगळाच लटकलेला असतो. हा टोकावरचा थेंब बहुतेक वेळा दवाचा नसतोच. रात्री पानांची सूक्ष्म रंध्रे मिटलेली असतात, मुळे मात्र पाणी ओढत राहतात, आणि वर चढलेले जादा पाणी पात्याच्या टोकातून बाहेर पडते. दव हवेतून येऊन गवतावर बसते. हा थेंब गवताच्या आतून येतो. ऊन चढले की दोन्ही उडून जातात, पण आतून आलेल्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे ते वाळल्यावर टोकाशी कधी कधी पांढुरका डाग राहतो. तारुण्याविषयी तुला जे म्हणायचे आहे, ते त्या डागात 'क्षणभंगुर' या शब्दापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि तो डाग पाहिल्याशिवाय सुचत नाही.

तुझ्या सगळ्या कवितांमध्ये फुले 'कोमेजतात'. मराठीने या एका क्रियापदावर भागवलेले नाही. पान गळते, पाकळ्या झडतात, लाजाळू मिटते, आणि प्राजक्त यांपैकी काहीच न करता टपटपतो. तो संध्याकाळनंतर उमलतो आणि उजाडता उजाडता ताजा असतानाच जमिनीवर येतो. देठाचा केशरी रंगही तेव्हा उतरलेला नसतो. प्राजक्ताला कोमेजलेला म्हणणारा कवी त्याच्या झाडाखाली पहाटे उभा राहिलेला नाही, हे वाचकाला लगेच कळते. तारुण्याचेही असेच असावे, असे मला वाटते: कुणाचे झिजत झिजत संपते, तर कुणाचे ऐन बहरात तुटून पडते, आणि कवितेने कोणते फूल निवडले त्यावरून कवीला यांतले कोणते म्हणायचे आहे ते ठरते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. तुझ्या तिसऱ्या कवितेतले मूल स्वतःच म्हणते, 'मी निरागस आहे.' निरागसतेला स्वतःचे नाव ठाऊक नसते. ज्याला ते ठाऊक झाले, त्याची ती गेलेली असते. म्हणून अशी कविता लिहिताना आधी ठरवावे लागते, की या कवितेत कुणाला काय कळलेले आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की बालकवींचे नाव येतेच. ते १८९० साली जन्मले आणि १९१८ साली, वयाची अठ्ठावीस वर्षे पुरी होण्याआधी, रेल्वेच्या अपघातात गेले, त्यामुळे त्यांच्या निर्झरांत आणि फुलांत अकाली मरणाची सावली शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तू त्या मोहात पडू नकोस. 'फुलराणी' पुन्हा वाच. हिरवळीवर खेळणारी भोळी कळी, रविकिरणावरून तिला चिडवणारा संध्याकाळचा वारा, तिचे लाजणे, मग हुरहुरीची रात्र, आणि पहाटे लग्नाचा थाट. एका रात्रीत तिचे बालपण संपते, आणि तरी हळहळीचा एकही शब्द कवितेत येत नाही. सगळी सृष्टी वऱ्हाडी होऊन आनंदाने आलेली असते. काय संपले ते वाचकाला कळते. कळीला कळत नाही.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या इंग्रज कवीने १८८० साली लिहिलेल्या एका छोट्या कवितेत हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला आहे. तिथे एक लहान मुलगी रानातली पाने गळताना पाहून रडते, आणि तिच्याशी बोलणाऱ्या प्रौढ माणसाला ठाऊक असते की ती नकळत स्वतःसाठीच रडते आहे. मुलीच्या तोंडी कवीने तत्त्वज्ञान घातलेले नाही. ए. ई. हाउसमन या दुसऱ्या इंग्रज कवीची १८९६ साली प्रसिद्ध झालेली चेरीच्या झाडावरची कविता याहून साधी आहे. तिच्यातला वीस वर्षांचा मुलगा सत्तर वर्षांच्या आयुष्यातून वीस वजा करतो, पन्नास वसंत उरले असा हिशेब मांडतो, आणि बहरलेली झाडे पाहायला पन्नास वसंत थोडेच, म्हणून रानात निघतो. वजाबाकी करतानाही तो रडत नाही. लक्षात घे, की हे लिहिणाऱ्या दोन्ही कवींची पस्तिशी तेव्हा उलटून गेली होती. तू स्वतः विशीत आहेस, त्यामुळे तुझ्या हाती त्यांच्याजवळ नसलेली एक गोष्ट आहे: जे अजून गेलेले नाही, ते तुला आठवून लिहावे लागत नाही.

पाचव्या कवितेत तू म्हटले आहेस, की वसंत परत येतो पण तारुण्य परत येत नाही. हे वाक्य बरोबर आहे, आणि तरीही त्यात एक घोटाळा आहे. परत येते ते झाडाचे हिरवेपण. फांदीवरच्या त्या एका पानाचे काही परत येत नाही. त्याचा कोवळेपणा एकदाच असतो, अगदी आपल्यासारखा. कवितेत आपण स्वतःला झाडाशी तोलतो आहोत की पानाशी, हे ठरवले नाही तर निसर्ग कधी चिरंजीव तर कधी नश्वर होतो, आणि तुझ्या त्या कवितेत दोन कडव्यांमध्ये नेमके हेच झाले आहे. पिंपळाची नवी पालवी जवळून पाहा. पान आधी तांबूस-गुलाबी, मऊ आणि लुळे असते, खाली मान घालून लोंबते, कारण त्यात हरितद्रव्य अजून पुरते भरलेले नसते आणि तांबडे रंगद्रव्य वर दिसत असते. काही दिवसांत ते पोपटी होते, ताठ होते, आणि मग कुठे वाऱ्यावर वाजू लागते. कोवळ्या पानाला आवाज नसतो. तो जून झाल्यावर येतो.

हे लिहिताना जाणवते, की या विषयासाठी आपली भाषा किती तयार आहे. ऊन कोवळे, पान कोवळे, वयही कोवळे. आणि दुसऱ्या टोकाला फळ पिकते, पान पिकते, केसही पिकतात. एकाच शब्दात गोडीही आहे आणि उतारही. नवव्या शतकातल्या ओनो नो कोमाची या जपानी कवयित्रीने एकतीस अक्षरांच्या कवितेत असेच केले होते: पाऊस पडणे आणि वय होणे यांसाठी तिने एकच उच्चार योजला, लांबलेला पाऊस आणि शून्यात लागलेली नजर यांसाठी दुसरा, आणि फुलांचा रंग उतरल्याचे सांगता सांगता स्वतःचे रूप ओसरल्याचे तिला वेगळे सांगावे लागले नाही. तिची उपमा भाषेतच होती. तू 'पिकणे' हा शब्द सातही कवितांत एकदाही वापरलेला नाहीस, याचे मला खरोखर वाईट वाटले.

सहाव्या कवितेतली चौथी ओळ, पहाटे पाखरू उडाल्यावर हलत राहिलेली फांदी, तशीच ठेव. तिच्यापुढची चार कडवी ती फांदी का हलते ते समजावून सांगतात. ती काढून टाकलीस तरी चालेल. मग एका झाडाची एकच डहाळी निवड, रोज सकाळी तिच्यापाशी जा, आणि त्या दिवशी जे बदलले असेल त्याची एक ओळ लिही, उपमा न देता. पालवी हिरवी झाली की ती वही मला पाठव. कविता त्यानंतर पाहू.

तुझा हितचिंतक