सहा पंथ तिकडे, सातवा तुमच्याच घरी

प्रश्न: मी ठाण्याचा, वय 46, कॅथलिक. इस्टरला दहा दिवस पवित्र भूमीची यात्रा केली. जेरुसलेमला ख्रिस्ताच्या कबरेच्या चर्चमध्ये ग्रीक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन, इथियोपियन आणि आपले लॅटिन, सगळे एका छताखाली पाहिले आणि श्रद्धा केवढी मोठी झाली! आता इथलं चर्च कोतं वाटतं. मिस्सा संपली की गप्पा पार्किंगच्या नाहीतर वर्गणीच्या. माझे फोटो बघायला कोणाला वेळ नाही. बायको म्हणते, पुरे आता. तेवढे दिवस घरची काळजी नव्हती. आईपाशी रात्रंदिवस कामाची बाई होती, तीही ख्रिस्तीच, कळव्याला कुठल्याशा हॉलमध्ये जाते. मी दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागू का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: चर्च बदला नाहीतर राहू द्या, मला त्यात रस नाही. मी अडकले ते त्या बाईंपाशी. तुम्ही इस्टरला जेरुसलेममध्ये होतात तेव्हा त्या तुमच्या आईचं अंथरूण बदलत होत्या. गुड फ्रायडेला त्या घरी गेल्या? इस्टरच्या सकाळी हॉलमध्ये? रात्रंदिवस म्हणजे नाहीच. तुमच्या सणासाठी त्यांचा सण गेला आणि तुम्ही लिहिता, काळजी नव्हती. परक्या देशातले पंथ तुम्हाला ओळीने पाठ आहेत. रोज तुमच्या स्वयंपाकघरात चहा पिणाऱ्या बाईंच्या मंडळीचं नाव मात्र माहीत नाही. खुद्द बाईंचं तरी माहीत आहे ना?

परदेश पाहून श्रद्धा रुंदावते, हे खरंच आहे. अरबी बोलणारे ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला अल्लाह म्हणतात, हे एकदा कानांनी ऐकलं की मुंब्र्याच्या मशिदीवरची बांगसुद्धा वेगळी ऐकू येते. पण तुम्ही सोयीचं तेवढं पाहून आलात. इथियोपियन साधू त्या छताखाली नाहीत हो, छतावर राहतात. आतली जागा कधीच हातची गेली म्हणून. त्याच छतावर 2002 मध्ये एका कॉप्टिक साधूने खुर्ची सावलीत सरकवली, एवढ्यावरून हाणामारी झाली आणि अकराजणांना रुग्णालयात न्यावं लागलं. चर्चची किल्ली तर शतकानुशतकं मुसलमान घराण्याकडे आहे. त्यापुढे तुमच्या चर्चमधल्या पार्किंगच्या गप्पा फारच सोज्वळ म्हणायच्या.

आणि परक्या पंथाला घरात घेण्याची गोष्ट तर तुमच्याच गावची आहे. 1321 मध्ये टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती चीनकडे निघालेले ठाण्याला येऊन पोचले. फ्रान्सिस्कन, म्हणजे रोमच्या कॅथलिक चर्चचे साधू ते. त्यांना आसरा दिला इथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने, ज्यांच्या पंथाला रोम पाखंडी मानत होतं. यजमानांनी पंथ विचारत वेळ घालवला नाही. पाहुणे पुढे इथेच मारले गेले, ती कथा तुम्ही चर्चमध्ये ऐकलीच असेल.

तुम्ही करायचं एकच. या रविवारपासून बाईंना दर रविवारी सुट्टी द्यायची, पगार न कापता. आईपाशी तुम्ही बसायचं. बायकोला बसवायचं नाही, बदली बाईही आणायची नाही. मिस्सेला शनिवारी संध्याकाळी जा; ती रविवारचीच धरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोटोंचा आग्रह तूर्त बंद. बाईंनी आपणहून हॉलला बोलावलं तर जा, पण कॅमेरा घरी ठेवून. त्या दहा रात्रींचे जादा पैसे दिले नसतील तर तेही शनिवारीच देऊन टाका. आणि आईच्या गोळ्या कुठल्या, किती वाजता, हे त्या निघण्यापूर्वी लिहून घ्या. तुम्हाला ते माहीत असेल असं मला वाटत नाही.