वाक्यविन्यास शिकताना सांगलीकडच्या बोलीतली उदाहरणं चालतील का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. भाषाशास्त्राला प्रवेश घेतलाय, तर वाक्यविन्यासाची, म्हणजे वाक्याच्या बांधणीच्या अभ्यासाची, सुरुवात कुठून करू, हा एक भाग. दुसरा असा की आमच्या सांगलीकडच्या बोलीला धड व्याकरण नसतं, मग उदाहरणं पुस्तकी मराठीतूनच घ्यावीत ना? पहिल्याचं उत्तर आटोपतं देतो, कारण खरं बोलायचंय ते दुसऱ्यावर. ही समजूत घेऊन वर्गात बसलात तर वाक्यविन्यास तुम्हाला कळणारच नाही.

कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम शाळेत झालाय, तो काही दिवस बाजूला ठेवा. पहिल्यांदा पदबंध, म्हणजे वाक्यात एकत्र राहणारे शब्दांचे गठ्ठे, ओळखायला शिका. 'मिरजेच्या पोरीनं काल बाजारातनं हळद आणली' हे वाक्य घ्या. 'काल' सुरुवातीला आणा, 'हळद' पुढं ओढा, 'बाजारातनं' शेवटी टाका, काही बिघडत नाही. पण 'पोरीनं काल मिरजेच्या बाजारातनं हळद आणली' असं केलंत की मिरज पोरीला सोडून बाजाराला चिकटली. 'मिरजेच्या पोरीनं' हा एक गठ्ठा आहे, हलला तर अख्खा हलतो. दुसरी कसोटी सर्वनामाची. 'तिनं' हा शब्द अख्ख्या गठ्ठ्याची जागा घेतो. नुसत्या 'पोरीनं'च्या जागी तो बसत नाही, 'मिरजेच्या तिनं' असं कुणी म्हणत नाही. तिसरी प्रश्नाची: 'कुणी आणली?' याला अख्खा गठ्ठाच उत्तर म्हणून येतो. एका कसोटीवर विसंबू नका, दोन-तीन लावून बघा.

गठ्ठ्याच्या पोटात गठ्ठा असतो, हे पटवायला 'जुन्या वाड्यातल्या खोल्या' पुरेसं आहे. जुनं काय, वाडा की खोल्या? दोन्ही अर्थ निघतात, कारण 'जुन्या' हे रूप 'वाड्यातल्या'शीही जुळतं आणि अनेकवचनी 'खोल्या'शीही. आता खोली एकच करा. 'जुन्या वाड्यातली खोली' म्हणजे वाडा जुना, 'जुनी वाड्यातली खोली' म्हणजे खोली जुनी. संदिग्धता गेली. शब्द तेच होते, बांधणी दोन होत्या, आणि विशेषणाच्या रूपानं ती बांधणी उघडी पाडली. झाडासारख्या आकृत्या काढायला लावतात त्या एवढ्यासाठीच. इंग्रजी उदाहरणांवरून त्या पाठ करण्यापेक्षा या दोन वाक्यांच्या काढा.

आता बोलीकडे. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याला गेल्या की लोक हसतात, 'अगं, आले म्हण' असं सांगतात. हसणाऱ्यांना वाटतं की या बायकांना लिंगभेद कळत नाही. माझा या मंडळींशी जुना वाद आहे आणि तो इथं मिटवून टाकतो.

तीच बाई शेजारणीबद्दल बोलताना 'ती आली'च म्हणते, 'ती आला' कधीच नाही. म्हणजे लिंगभेद गेला तो फक्त प्रथमपुरुषात. आणि स्वतः काय खाल्लं ते सांगताना? ती 'मी भाकरी खाल्ली' म्हणते, 'मी आंबा खाल्ला' म्हणते, अगदी पुस्तकातल्यासारखं. कारण भूतकाळात 'खाणे'सारखं सकर्मक क्रियापद बोलणाऱ्याकडे बघतच नाही, कर्माकडे बघतं. भाकरी म्हणून 'खाल्ली', आंबा म्हणून 'खाल्ला'. बोलणाऱ्याच्या लिंगाचा तिथं संबंधच नाही, त्यामुळं बदलायलाही काही नाही.

मग 'पिणे' घ्या. हेही सकर्मक, पण भूतकाळात कर्त्याशी जुळणाऱ्या मोजक्या क्रियापदांतलं. पुस्तकी मराठीत 'ती चहा प्याली', पण 'तिनं चहा घेतला'. शिकणे, विसरणे, बोलणे ही त्याच घरातली: 'ती मराठी शिकली', 'तिनं' नाही. आता या बोलीत बाई काय म्हणेल ते नियमावरून आधीच सांगता येतं. 'मी भाकरी खाल्ली', पण 'मी चा पिलो'. 'मी तिथंच शिकलो'. जिथं क्रियापद कर्त्याशी जुळतं तिथंच आणि फक्त प्रथमपुरुषात 'लो' येतो. ज्या बोलीत न ऐकलेल्या वाक्याचं रूप आधी सांगता येतं, तिला व्याकरण नाही म्हणणं हे अज्ञान आहे. पुस्तकी मराठीइतकाच हा नियम पक्का आहे, फक्त वेगळा.

याच जुळणीवरून शाळेतली दुसरी गोष्टही तपासा. 'क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलतं तो कर्ता' हे सूत्र 'ते ऐकून मला रडू आलं' इथं लावा. क्रियापद 'रडू'शी जुळतं. पण 'ऐकून' कुणी? मी. '-ऊन'वाल्या क्रियेचा करणारा आणि मुख्य वाक्याचा कर्ता साधारणपणे एकच असतो, म्हणजे या कसोटीनं 'मला' हा कर्ता. दोन कसोट्या दोन उत्तरं देतात. कर्तेपण हा एक गुण नाही, अनेक गुणांची मोळी आहे आणि ती सुटू शकते. 'तू भाकरी खाल्लीस' मध्ये तर एकाच क्रियापदात 'ली' भाकरीची आणि 'स' तुझा.

आणि सांगली जिल्ह्यातल्या माणसानं आपल्या बोलीला कमी लेखावं याचं मला विशेष वाईट वाटतं, कारण वाक्यविन्यासाच्या जगभरच्या चर्चेत आपल्या कुपवाडचं नाव आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली कुपवाडवर निबंध छापला. तेव्हा गाव सुमारे ३,००० वस्तीचं, आणि त्यात कन्नड, उर्दू, मराठी आणि थोडी तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. त्यांना आढळलं ते असं: मराठीत 'पाला जरा काप-ऊन घे-ऊन आ-लो', आणि उर्दूत 'पाला जरा काट-के ले-के आ-या'. तुकड्याला तुकडा जुळतो. कन्नड वाक्याचीही तीच चाल. शब्द आपापले राहिले, पण वाक्याचा सांगाडा एक झाला. दखनीत, म्हणजे दक्षिणेकडच्या उर्दूत, 'मैंने रोटी खाई' न म्हणता 'मैं रोटी खाया' म्हणतात, म्हणजे 'ने' गेला आणि क्रियापद कर्त्याशी जुळायला लागलं. कन्नडमध्येही क्रियापद कर्त्याशीच जुळतं. प्रत्येक भाषेला आपली वाक्यरचना जन्मजात चिकटलेली असते असं मानणाऱ्यांना कुपवाडनं विचार करायला लावलं.

'मी आलो'चा धागाही इथवर ओढण्याचा मोह होतो, कारण कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही, बाई-पुरुष दोघंही 'बंदे' म्हणतात. पण शेजार आहे म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही, परीक्षेत हे ठामपणे लिहू नका. शिवाय सगळ्याच बायका असं बोलत नाहीत. शाळा, वय, समोर कोण आहे यावर तीच बाई 'आले'वर येते. कुपवाडचं चित्रही निबंधात दिसतं तितकं नितळ नाही. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथं पुन्हा जाऊन अभ्यास केला आणि शब्दाला शब्द जुळण्याचा तो दावा तितका टिकत नाही असं दाखवलं. गावही आता गाव राहिलेलं नाही, १९९८ पासून सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत आहे.

तेव्हा उदाहरणं घरातूनच घ्या, पण नीट गोळा करा. आजीला 'हे वाक्य बरोबर आहे का?' असं विचारलंत की ती पुस्तकी उत्तर देणार, कारण तिलाही कुणीतरी हसलेलं असतं. प्रसंग द्या: 'सकाळी तू काय काय केलंस ते सांग.' ती सांगत असताना मध्ये सुधारू नका. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, 'नं'चा 'ने' करू नका. बोलणारी कोण, वय काय, कुणाशी बोलत होती हे शेजारी नोंदवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा: भाकरीच्या जागी आंबा, 'मी'च्या जागी 'ती', 'खाणे'च्या जागी 'पिणे'. जे वाक्य कुणीच बोलत नाही त्याच्याआधी तारांकन करायचं, आणि तीही वाक्यं वहीतच ठेवायची. नियम नेमका कुठं थांबतो ते त्यांच्यावरूनच कळतं.