सहा गळ आणि एक चिलापी

प्रश्न : काका, आम्ही सहा मित्र, सगळे चिंचवडचे. मे महिन्यात उजनी धरणावर भिगवणच्या बाजूला मासेमारीला गेलेलो. ऑनलाइन मागवलेले रॉड, रील, टोप्या, फोल्डिंगच्या खुर्च्या, सगळा थाट. अकराला पोचलो, एकेकाने आपली आपली जागा धरली, एकाने कणीक लावली, एकाने गांडुळं, एकाने तर चीज लावलं, आणि संध्याकाळी पाचपर्यंत सहा जणांत मिळून एक चिलापी (तिलापिया मासा), तीपण तळहाताएवढी. आणि शेजारी एक शाळकरी पोरगं बांबूच्या काठीला गळ बांधून बसलेलं, ते पिशवी भरून घेऊन गेलं! शेवटी हायवेच्या हॉटेलात मच्छीथाळी खाऊन परत आलो. आता ग्रुपमध्ये भांडणं चालूयेत, एक म्हणतो होडी करून मधे खोल पाण्यात जायला पाहिजे, दुसरा म्हणतो अजून भारी रॉड घेऊ. ऑक्टोबरात परत जायचा प्लॅन आहे. काय चुकतंय?
— थाळी खाऊन आलेला

उत्तर : अरे बाबा, अकराला पोचलात तिथेच अर्धं चुकलं. मे महिन्याच्या उन्हात काठाचं उथळ पाणी तापतं आणि मासा आत खोलात सरकतो, तुम्ही खुर्चीत भाजत बसलात आणि तो खाली गारव्याला. फटफटायच्या आधी गळ पाण्यात पाहिजे, नाहीतर मग ऊन कलल्यावर.

पण खरी चूक वेगळीच आहे आणि ती ग्रुपने जाणारे सगळेच करतात. सहा जण, सहा जागा, सहा आमिषं. आमच्या पहिल्या ट्रिपलापण हेच केलेलं आम्ही, वर दर अर्ध्या तासाला "इथं काही नाही, तिकडं बघू" करत काठाने निम्मी उजनी फिरलो असू. मासा तुमच्याकडे यायला त्याला काहीतरी कारण लागतं ना? एक जागा ठरवायची, आणि शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा, थोडी कणीक असं भिजवून त्याचे लिंबाएवढे गोळे एकाच ठिकाणी टाकायचे, अर्ध्या-पाऊण तासाने परत दोन-चार, आणि सगळ्यांनी त्याच्याच आसपास गळ सोडायचे. सहा जण असल्याचा फायदा हा आहे, सहा जणांचा चारा एका जागी. ते पोरगं बहुतेक रोज तिथेच बसत असणार, मासे त्याच्या ओळखीचे झालेत म्हण ना.

आणि त्याचा गळ बघितलास का? बारका असणार. चिलापीचं तोंड लहान, तुमच्या सेटमधल्या मोठ्या गळावरचं गांडूळ ती कुरतडून खाते आणि निघून जाते, तुम्ही आपले गप्पा मारत बसता. चिलापीला बारका गळ आणि गांडुळाचा छोटा तुकडा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो, म्हणून त्याला फ्लोट, म्हणजे तरंगणारं बूच, लावून आमिष वर ठेवायचं. रोहू मधे. मृगळ तळाला, चिखलातलं खातो, तिथे वजन लावून खाली सोडायचं. हे न बघता दहा हजाराचा रॉड घेतला तरी थाळीच खायची आहे.

आता होडीचं. याला माझं उत्तर नाही असंच आहे आणि त्यावर चर्चा नको. 21 मे 2024 ला संध्याकाळी याच उजनीत कुगाववरून कळाशीला येणारी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली, सात जण होते, एक जण पोहून काठाला लागला, बाकी सहा गेले. रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हे झालं, पिकनिकला आलेले नव्हते ते. वळवाच्या दिवसात दुपारनंतर उजनीवर वारा कधी सुटेल सांगता येत नाही, आणि एवढ्या पसरलेल्या पाण्यात लाट तळ्यासारखी नसते. काठावरूनच धरा. काठावरपण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जी गाळाची मळई उघडी पडते ती वरून वाळलेली दिसते, पाय टाकला की मांडीपर्यंत आत, म्हणून गळ अडकला तर सोडवायला जाऊ नका, दोरी तोडा. पन्नास रुपयाचा गळ आहे तो.

ऑक्टोबरात धरण भरलेलं असेल तर पाणी पार वेड्या बाभळीत शिरलेलं असतं, तिथे मासे असतात खरे पण गळपण दर दुसऱ्या वेळी काट्यात. जादा घेऊन जा. जून-जुलैत का नको तेपण विचारशील, तर रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं, म्हणून पहिल्या पावसात ते नदीने वर चढतात. तेव्हा पोटात गाभोळी (अंडी) असलेला मासा ओढायचा म्हणजे पुढच्या वर्षीचं आपलंच ताट उपडं करायचं.

अजून एक, बऱ्याच धरणांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थांना दिलेली असते. म्हणजे पाणी सरकारचं असलं तरी मासे कोणाच्या तरी पोटापाण्याचे आहेत. जाऊन आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा, त्यांच्या जाळ्याच्या जवळ गळ टाकू नका. नीट विचारलं तर जागापण तेच दाखवतील, आम्हाला तशीच मिळाली. (आणि स्पीकर गाडीतच ठेवा रे.)

प्रश्न : काका, लहान मासे लागले तर परत सोडायचे का?

उत्तर : रोहू-कटल्याचं पिल्लू असेल तर हात ओला करून धरायचं, गळ अलगद काढायचा आणि सोडायचं. चिलापीसाठी एवढं मन मोठं करू नका, ती मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली, मादी अंडी तोंडात सांभाळते त्यामुळे पिल्लं भरपूर वाचतात, तिची काळजी ती घेईल.

प्रश्न : आमचे हे मित्रांबरोबर मासे धरायला जातात आणि रात्री अकराला पिशवी ओट्यावर ठेवून झोपायला जातात. त्या माशांना चिखलाचा वास येतो, मुलं तोंड लावत नाहीत. काय करू?
— वैतागलेली, पुणे

उत्तर : ताई, वास चिखलाचा वाटतो पण तो पाण्यातल्या शेवाळातल्या एका द्रव्याचा असतो, ते माशाच्या चरबीत आणि कातडीत मुरतं. आंबटाने कमी होतं. काळं पडलेलं पोटातलं पातळ अस्तर खरवडून टाका, मीठ चोळून धुवा, मग अर्धा तास ताकात नाहीतर चिंचेच्या कोळात ठेवा, आणि मग हळद-तिखट-आलं-लसूण. कातडी काढली तर अजून बरं. पातळ रस्सा करण्यापेक्षा रवा लावून कडक तळा, मुलं खातील. आणि आतडी तिथेच काठावर काढून आणायला सांगा त्यांना, रात्री अकरापर्यंत पोटातच राहिली की वास मांसात उतरतो. खवलं पण त्यांनीच काढायची, चाकू मी पाठवतो हवं तर.