शेडमधल्या कबुतरांसाठी एअर रायफल? आधी डोक्यावरचे पत्रे बघा

दादा, चाकणच्या शेडमध्ये पॅक केलेल्या मालावर कबुतरांची घाण पडते, कस्टमरनं एक लॉट परत पाठवला, आता एअर रायफल घेऊन विषय संपवायचाय, कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. भोसरीत आमच्याकडे हुबेहूब हेच चाललं होतं, म्हणून लिहायला बसलो. मॉडेल मी सुचवणार नाही. घेऊच नका.

आम्ही स्वतः बंदूक घेतली नव्हती. पक्ष्यांचा बंदोबस्त करून देणाऱ्या एका कंत्राटदाराला जाळीचं काम दिलं होतं. नाव लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी त्याची पोरं जाळीऐवजी एअरगन घेऊन आली आणि ट्रसवरच्या (छताला आधार देणाऱ्या लोखंडी सांगाड्यावरच्या) कबुतरांवर खालून छर्रे मारत सुटली. वॉचमनला वाटलं, मालकांनीच सांगितलं असणार. आता खालून वर मारलेला छर्रा पक्ष्याला चुकला तर जाणार कुठे? पत्र्यातच. कोटेड पत्र्यांना पोचे आले, रंग उडाला. पण उजेडासाठी टाकलेले फायबरचे पत्रे उन्हानं आधीच ठिसूळ झाले होते. त्यांना साडेचार मिलिमीटरची भोकं पडली आणि भोवती केसासारखे तडे गेले. खालून काही दिसेना, कारण तो पत्रा मुळातच उजळ. कळलं ते जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात. पावडर कोटिंग करून खोक्यांत भरलेल्या पॅनेलवर रात्रभर पाणी ठिबकलं. सकाळी खोकं उचललं की तळ जागेवर आणि नुसत्या बाजू हातात. जखमी कबुतरं व्हॅली गटरमध्ये, म्हणजे छताच्या दोन उतारांमधल्या पन्हळीत, जाऊन मेली होती, त्यानं गटर तुंबलं आणि पाणी उलटं आत आलं. कबुतरांनी वर्षभरात केलं नव्हतं एवढं नुकसान त्या एका पावसानं झालं. कंत्राटदार म्हणाला, "पत्रे जुनेच होते तुमचे." भरपाई नाही, जाळी नाही, नंतर फोनही उचलेना. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

तक्रार करायला गेलो तर एका कार्यालयात म्हणाले कबुतराचं आमच्याकडे येत नाही, तिथून पाठवलं त्या कार्यालयात म्हणाले बंदुकीचं आमच्याकडे येत नाही. लेखी द्यायला कोणीच तयार नाही. तुम्हाला कुठे अर्ज द्यायची वेळ आली तर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

कायद्याचं सांगतो, पण मी वकील नाही, तुमच्या वकिलाला विचारून खात्री करा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ बोअर (नळीचं भोक साडेचार मिलिमीटर) आणि २० ज्यूलपर्यंतच्या (छर्‍याच्या जोराचं माप) एअरगनला परवाना लागत नाही. दुकानदार एवढंच सांगतो. पण बंदूक बाळगणं वेगळं आणि तिनं पक्षी मारणं वेगळं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहेच. वन्यजीव कायद्यातल्या याद्याही २०२२ च्या दुरुस्तीनं बदलल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत, आणि उपद्रवी प्राण्यांचं जुनं पाचवं परिशिष्ट आता राहिलेलं नाही. त्यामुळे "कावळा-कबुतर चालतं हो" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. आमच्या ट्रसवर गव्हाणी घुबडाची जोडी होती, उंदीर तीच खायची. अंधुक उजेडात पोरांना काय फरक कळणार होता?

आणि मारून कबुतरं कमी होतात हेच मला मान्य नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली, तरी शहरातली संख्या २० हजारांच्या आसपासच राहिली. पुढे लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावलं, तेव्हा चार वर्षांत ती निम्म्यावर आली. दाणा आणि बसायला जागा आहे तोवर मेलेल्यांची जागा दुसरी घेतात. आमच्या कंपाउंडला लागून एक गृहस्थ रोज ज्वारी टाकायचे. भांडण न करता खोक्यांचे फोटो दाखवले, मग थांबले.

खरा इलाज जाळी. कबुतरांसाठी ५० मिलिमीटरची चौकट पुरते, चिमण्याही असतील तर १९ ची घ्या. ट्रसच्या खालच्या पट्टीला ताणून बांधा, क्रेनच्या वाटेत येत नाही ना ते चालवून बघा, आणि दिवे बदलायला जाळीत उघडबंद होणारी चेन (झिप) ठेवायला सांगा, नाहीतर इलेक्ट्रिशियन पहिल्याच दिवशी ती कापतो. प्लास्टिकचं घुबड आणि आवाजाची यंत्रं माझ्या मते पैसे वाया. कंत्राटात "बंदूक वापरायची नाही" हे लिहून घ्या आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

जाळी पुरती बंद करण्याआधी घरटी बघा. अंडी १७-१८ दिवसांत फुटतात, पिल्लू साधारण महिनाभरात उडतं. तेवढं थांबा, नाहीतर पिल्लं आत मरून वास सुटतो आणि आई जाळीवर धडका देत राहते. साफसफाईला कोरडा झाडू अजिबात लावू देऊ नका. त्या धुळीनं फुप्फुसाचे आजार होतात. पाणी मारून भिजवा, एन-९५ मास्क द्या, आणि दम्याचा त्रास असलेल्या कामगाराला त्या दिवशी दुसऱ्या शेडमध्ये पाठवा.