खडीने टवका उडाला? आधी गंज थांबवा, मग रंगाचं बघू

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी एकाच गोष्टीवर होते, गाडीच्या बोनटवर नि बंपरवर खडी लागून उडालेले टवके. पावसाळा तोंडावर आलाय त्यामुळे हे आत्ताच घेतलेलं बरं, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात.

प्रश्न : आठ महिन्यांची पांढरी हॅचबॅक आहे. खंबाटकी घाटात खडी भरलेला डंपर पुढे होता, बोनटच्या पुढच्या कडेला दोन टवके उडाले, तांदळाच्या दाण्याएवढे. एकात आतलं काहीतरी राखाडी दिसतंय, दुसऱ्यात चक्क पत्रा चमकतोय. घरच्या घरी करता येईल का, आणि काहीच नाही केलं तर काय होईल? – एक वाचक, सातारा

उत्तर : करता येईल आणि कराच, एवढ्याशा टवक्यासाठी गाडी गॅरेजला टाकायची काही गरज नाही. तुम्ही दोन टवक्यांतला फरक नीट बघितलात हे फार बरं झालं, कारण सगळं त्यावरच आहे. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात आधी गंजरोधक थर बसतो (अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवतात तो), त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे रंगाला जपणारा पारदर्शक थर. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांएवढी. राखाडी दिसतंय तिथे खालचे थर शाबूत आहेत, पत्रा अजून झाकलेला आहे, त्या टवक्याला घाई नाही. पत्रा चमकतोय तिथे मात्र पाणी थेट लोखंडाला लागणार, आणि पावसात उघड्या पत्र्यावर तांबूस डाग यायला एक रात्रही पुरते. एकदा गंज धरला की तो टवक्यापुरता थांबत नाही, कडेच्या चांगल्या रंगाखाली सरकत जातो. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा थर असतो तो थोडा वेळ मिळवून देतो, पण दगड जोरात बसला असेल तर तोही खरवडला जातो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

लगेच जमत नसेल तर आज एवढं तरी करा, टवका पुसून कोरडा करा आणि वर सेलोटेपचा तुकडा चिकटवा, चार दिवस निभावतील.

आता सामान. रंगाचा कोड बघा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बोनट उघडल्यावर आतल्या पट्टीवर दोन-तीन अक्षरं-आकड्यांचा असतो, कंपनीप्रमाणे जागा बदलते. नुसतं 'पांढरा द्या' म्हणून दुकानातून आणू नका, एकाच कंपनीचे दोन-दोन तीन-तीन पांढरे असतात, आणि पर्ल पांढरा असेल तर त्याला खाली पांढरा आणि वर मोत्याची झाक असे दोन वेगळे थर लागतात. कोडप्रमाणे टचअपची छोटी बाटली किंवा पेन, क्लिअर कोटची बाटली, थोडा प्रायमर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथपिक आणि मऊ कापड, बास.

गाडी धुवा, पूर्ण वाळू द्या, मग टवक्यावरून अल्कोहोल लावलेलं कापड फिरवा म्हणजे वॅक्स, पॉलिश, तेलकटपणा निघून जाईल. इथे बरेच जण डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट सैल करायला वापरतात तो तेलकट स्प्रे) मारतात, नका मारू, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. टवक्याच्या कडेला सुटत आलेला रंग असेल तर टूथपिकने हळूच काढून टाका, सुटी कड ठेवून वर रंग भरला तर महिन्याभरात सगळंच निघून येतं. चमकणाऱ्या पत्र्यावर प्रायमरचा अगदी बारीक थेंब द्यायचा, राखाडी टवक्याला प्रायमर लागत नाही. तो वाळला की रंग, आणि रंग देताना बाटलीच्या झाकणाचा ब्रश वापरू नका, तो टवक्यापेक्षा मोठा असतो त्यामुळे शेजारच्या चांगल्या रंगावर ठिपका पसरतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या, टवक्याच्या मधोमध टेकवा, तो आपोआप पसरतो. आधी बाटली दोन-तीन मिनिटं जोरजोरात हलवा, मेटॅलिक असेल तर अजून जास्त, कारण त्यातली अॅल्युमिनियमची चकमक तळाला बसलेली असते.

एका दमात टवका भरायचा नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. रंग वाळताना आक्रसतो, जाड थेंब वरून वाळतो नि आतून ओला राहतो. पातळ थर द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, परत द्या, असं रंग शेजारच्या पातळीच्या जरासा खाली येईपर्यंत, मग त्यावर क्लिअर कोट तसाच पातळ-पातळ. जास्त झाला आणि फुगीर दिसला तर घाबरू नका, ओला असेल तर लगेच पुसून टाका, अल्कोहोलने साफ करा आणि परत सुरू करा. हे सगळं सावलीत, उन्हात तापलेल्या बोनटवर नाही, आणि पाऊस पडत असताना तर नाहीच, कारण हवेतली ओल रंगात अडकून वर पांढरट झाक येते.

नंतर दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासून सपाट करायचं की नाही? व्हिडिओत सगळे करतात. पहिल्यांदा करताय तर नका करू असं मी स्पष्ट सांगेन. क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, पेपर जरा जास्त फिरला की टवक्याभोवतीचा चांगला क्लिअर कोट जातो आणि मग खरंच अख्खं बोनट रंगवायची वेळ येते. जवळून बघितल्यावर ठिपका दिसेल, दिसू दे, दोन पावलांवरून कुणाला कळत नाही, आणि आपलं मुख्य काम पत्रा झाकायचं होतं ते झालं. दोन-चार दिवस गाडी धुऊ नका आणि त्या जागी वॅक्स महिनाभर नको.

प्रश्न : नेलपॉलिशने भागतं असं सगळे म्हणतात. खरं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रवासात आहात, पत्रा उघडा पडलाय आणि हाताशी दुसरं काही नाही तर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब तात्पुरता चालेल. कायमचं म्हणून नको, ते उन्हात पिवळं पडतं, तडकतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर किती टिकणार. शिवाय खरा रंग द्यायच्या आधी ते पूर्ण खरवडून काढावं लागतं. टचअपची बाटली काही महाग नसते, तीच आणा.

प्रश्न : गाडी सहा वर्षांची, घर समुद्रापासून जवळ. बोनटवरचे जुने टवके तांबडे झालेत, एकाच्या कडेने रंग फुगल्यासारखा वाटतो. डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणतो वरून रंग मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. मारून घेऊ का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, कृपा करून गंजावर रंग मारून घेऊ नका! खाली गंज जिवंत राहतो आणि वरचा रंग त्याला नुसता झाकतो, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तोच फुगा दुप्पट झालेला असेल. खाऱ्या हवेत तर आणखी लवकर, कारण मिठाचा ओलसर थर पत्र्यावर बसून राहतो आणि गंजाची क्रिया त्याने वेगात चालते. त्यात मुंबई-गोवा हायवेची कामं वर्षानुवर्षं चाललीयेत, जागोजागी सुटी खडी, म्हणजे टवके पण तुमच्याच भागात जास्त आणि गंज पण, तुमची तळमळ समजते.

आधी बोटाने दाबून बघा. फुगलेला भाग छोटा असेल, मसुराएवढा वगैरे, तर घरी होईल. फुगलेला रंग काढून टाका, गंज दिसतो तिथपर्यंत उघडा करा, कड दिसायला वाईट वाटली तरी. मग बारीक वॉटर पेपरचा तुकडा पेन्सिलच्या मागच्या टोकाला चिकटवून फक्त तेवढ्याच जागी घासा, पांढरा चमकता पत्रा दिसेपर्यंत. फायबरग्लासच्या केसांचं पेन मिळतं ते याला उत्तम, पण त्याचे बारीक तुकडे कातडीत घुसतात, हातमोजे नि चष्मा घालूनच वापरा. खोल खड्ड्यांत काळे ठिपके राहतातच, तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा, त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक अॅसिड गंजाशी संयोग पावून त्याचा स्थिर थर करतं. बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ पूर्ण वाळू द्या, घाई करू नका, मग प्रायमर, रंग, क्लिअर कोट वरच्यासारखंच.

दाबल्यावर पत्रा मऊ लागला, किंवा फुगा बोनटच्या दुमडलेल्या कडेत शिरलेला असला तर ते घरचं काम राहिलं नाही. चांगल्या पेंटरकडे जा आणि आधी त्याला विचारा की गंज घासून काढणार का, इपॉक्सी प्रायमर देणार का, त्याने या दोन्हीला हो म्हटलं तरच गाडी द्या, आणि जमलं तर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरण्याआधी घासलेला पत्रा स्वतः जाऊन बघून या. आणि एक, क्लिअर कोटचे दोन घटक मिसळायचे स्प्रे कॅन हल्ली ऑनलाइन मिळतात, चमक खरंच छान येते, पण त्यात आयसोसायनेट असतात, ते श्वासातून गेले तर दमा लागू शकतो, साधा कापडी मास्क त्याला काही उपयोगाचा नाही. बंद गॅरेजमध्ये, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ते अजिबात फवारू नका, आजूबाजूला पोरं खेळत असतात.

समुद्राकाठच्या सगळ्यांनीच आठवड्याला एकदा तरी साध्या पाण्याने गाडी धुवावी, खालून पण.

प्रश्न : बोनटवर पाच-सहा टवके आहेत. वर्कशॉपवाले म्हणतात इन्शुरन्समध्ये अख्खं बोनट रंगवून घ्या, आणि नंतर सिरॅमिक कोटिंग करा म्हणजे परत टवके पडणार नाहीत. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम केलात तर नो क्लेम बोनस जातो, तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के असतो, म्हणजे पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर तेवढी सूट गेली. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून, त्यात घसाऱ्याची कपात वेगळी. हा हिशोब कागदावर मांडा, सहा टवक्यांसाठी क्लेम क्वचितच परवडतो.

पण मला पैशापेक्षा दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. कारखान्यातला रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, वर्कशॉपमध्ये तेवढं तापवताच येत नाही कारण गाडीत वायरिंग, प्लॅस्टिक, सीटा सगळं बसलेलं असतं, तिथे साठ-सत्तर अंशांवर काम चालतं. ओरिजिनल रंगासारखा रंग परत मिळणं अवघड, आणि गाडी विकताना घेणारा जाडी मोजायचं मीटर लावतो, बोनट रंगवलेलं लगेच कळतं, मग अपघाताची शंका आलीच. सहा छोट्या ठिपक्यांसह ओरिजिनल बोनट हे चकाचक रंगवलेल्या बोनटपेक्षा मला केव्हाही चांगलं वाटतं.

सिरॅमिकने टवके थांबत नाहीत, कुणी काहीही सांगू दे. तो थर फार फार तर काही मायक्रॉनचा, पाणी घसरतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं, एवढंच त्याचं काम. टेफ्लॉनचंही तसंच. दगडाचा मार खरंच झेलते ती पीपीएफ, म्हणजे टीपीयूची (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकची) १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. अख्ख्या गाडीला चांगली फिल्म लावायची तर लाखाच्या घरात खर्च जातो, तो करायची गरज नाही. पुढचा बंपर, बोनट, आरसे, आणि मागच्या चाकांच्या पुढचा खालचा भाग, दगड लागतात ते इथेच. स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला फिल्म टीपीयूची की पीव्हीसीची ते विचारा, पीव्हीसी लवकर पिवळी पडते. आधी सगळे टवके भरून घ्या, मगच फिल्म. बोनटला घालायचं रेक्झिनचं कव्हर मात्र नको, आत धूळ नि ओल अडकून रंग घासला जातो.

प्रश्न : समृद्धीवरून महिन्यातून दोन-तीनदा जाणं होतं. रस्ता सिमेंटचा, तरी टवके पडतातच. चालवताना काही करता येतं का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळ्यात जास्त फरक चालवण्यानेच पडतो. रस्ता सिमेंटचा असला तरी ट्रकमधून खडी सांडते, टायरच्या खाचांत अडकलेला दगड सुटून उडतो. तो उडालेला दगड बहुतेक वेळा जागच्या जागी हवेत असतो, त्याच्यावर जाऊन आदळते तुमची गाडी. आणि आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ८० ऐवजी १२० ला तोच दगड सव्वादोन पट जोराने बसतो. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा, ८० च्या वेगाला ते साधारण ६५-७० मीटर होतं. ताडपत्री न बांधलेला खडीचा किंवा वाळूचा डंपर दिसला की त्याच्या मागे रेंगाळू नका, एकतर सुरक्षित जागा बघून पूर्ण पुढे जा नाहीतर खूप मागे राहा. नवीन डांबर पडलेल्या रस्त्यावर वर कच पसरलेली असते तिथे ३०-४० च्या वर जाऊ नका, समोरून येणाऱ्यालाही वेग कमी करायची खूण करा. चारही चाकांना मडफ्लॅप लावा, त्याने तुमच्या दाराखालचा पत्रा वाचतो आणि मागच्या माणसाची काच पण. बाहेर आलेले रुंद टायर हौसेने बसवलेत तर स्वतःच्याच दारांवर खडी उडते हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ आणि खडी टाकतात. बोनटला टवके आहेतच, आता काचेलाही एक बारीक फुली पडलीय. वजा दहामध्ये टचअप होईल का? – एक वाचक, कॅल्गरी, कॅनडा

उत्तर : बाहेर होणार नाही, रंग वाळतच नाही नीट, दहा-बारा अंशांच्या वर असलेलं गरम गॅरेज बघा किंवा तोपर्यंत टवका साफ करून, कोरडा करून टेप लावून ठेवा, मीठ लागू देऊ नका. काचेचं मात्र थांबवू नका. नाण्यापेक्षा लहान फुलीत रेझिन भरून अतिनील दिव्याने पक्कं करता येतं, पण त्यात पाणी जाऊन गोठलं किंवा आतून गरम हीटर जोरात लावला की तडा लांब पळतो आणि अख्खी काच बदलावी लागते. आज वर पारदर्शक टेप लावा, हीटर हळूहळू वाढवा, आणि या आठवड्यात काच दुरुस्तीवाल्याकडे जाऊन या.