‘सदर’ इसम, ‘सदर’ अदालत आणि वाचकांच्या पत्रांचे ‘सदर’

तुम्ही विचारलंय की जुन्या वर्तमानपत्राच्या एका कात्रणात ‘सदर’ तीनदा भेटला: ‘सदर इसमास’, ‘सदर अदालतीत’ आणि ‘लोकांची पत्रे या सदराखाली’. तर हे तीन शब्द की एकच?

एकच. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती. छातीवरून पुढचा किंवा वरचा भाग, आणि त्यावरून मानाची, अग्रभागाची जागा. (अंगातला सदराही कोशकार याच घरातला मानतात. अर्जातला ‘सादर’ मात्र संस्कृत, स + आदर. त्याचा इथे काही संबंध नाही.) मानाच्या जागेचा अर्थ आपल्याकडे किल्ल्यांवर आजही उभा आहे. राजगडावर पद्मावती माचीवरची सदर, रायगडावरची राजसदर. कारभारी जिथे बसून कारभार बघायचे ती जागा. त्याच अर्थाच्या जोरावर कंपनी सरकारच्या काळात वरिष्ठ न्यायालय ‘सदर अदालत’ झालं आणि एतद्देशीय न्यायाधीशाचा एक हुद्दा ‘सदर अमीन’.

खरी गंमत आहे ती कागदावर. कागदाची वरची बाजू तीही सदरच. तिथे जे मथळ्यासारखं लिहायचं ते सदर, म्हणून हिशेबात ‘खर्चाच्या सदरी’ रक्कम पडते, आणि वर्तमानपत्रात ठरावीक मथळ्याखाली दर खेपेला येणारा मजकूर ‘सदर’ होतो. आणि त्याच कागदावर जे वर येऊन गेलं तेही सदर: सदर इसम, सदरहू गृहस्थ, सदरील मजकूर. म्हणजे मथळ्याचं सदर आणि ‘वर सांगितलेला’ सदर ही एकाच ‘वर’ची दोन पोरं. ‘इसम’ही मुळात अरबी, अर्थ नाव. त्या हिशेबाने ‘सदर इसम’ म्हणजे ज्याचं नाव वर येऊन गेलं तो. कचेरीतल्या कारकुनांची ही भाषा फिर्यादी-जबान्यांमधून बातम्यांत शिरली आणि मग हललीच नाही.

रकाना आणि सदर यांत मात्र गल्लत नको. १८३२ साली निघालेल्या ‘दर्पण’ या वर्तमानपत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी छापत, ते रकाने. रकाना ही पानाची उभी पट्टी, सदर हा त्यात बसणारा विषय.

वाचताना अडलात तर व्याकरणाला विचारा. बसायची ती सदर स्त्रीलिंगी, म्हणून ‘सदरेवर’. वर्तमानपत्रातलं ते सदर नपुंसकलिंगी, म्हणून ‘सदरात’, ‘सदराखाली’. विशेषण असलं की ढिम्म हलत नाही: सदर बाईने, सदर घराला, सदर मुलांकडून. ‘सदर सदरातील मजकूर’ असं वाक्य आता मी मुद्दाम बनवलं, पण त्यातही पहिला सदर अविकारी आणि दुसऱ्याला प्रत्यय लागलेला, त्यामुळे घोटाळा होत नाही.

आज मात्र ‘सदर’ नुसता ‘हा’ या अर्थाने वापरतात. ‘सदर पत्राद्वारे कळविण्यात येते की’ अशी पत्राची सुरुवातच होते. वर काही आलेलंच नाही, मग सदर कशाचा? मला हे खटकतं. तिथे ‘या पत्राद्वारे’ म्हणावं. जुन्या बातमीदाराची भाषा बोजड होती, पण तो निदान आधी नाव सांगायचा, मग सदर लावायचा.

कात्रणावर तारीख नाही म्हणता. १८६२ मध्ये मुंबईचं उच्च न्यायालय सुरू झालं आणि इथल्या सदर अदालती त्यात विलीन झाल्या. तेव्हा त्या बातमीत मुंबईच्या सदर अदालतीत खटला चालू असल्याचं लिहिलं असेल, तर कागद त्याच्या आधीचा. तेवढी ओळ पुन्हा एकदा नीट वाचून बघा.