वाचक विचारतात : ‘ग्रुप अराजकीय आहे’ म्हणजे काय?

प्रश्न : पुणे महापालिकेत २०२१ साली जी २३ गावं घेतली, त्यांपैकी एका गावात आम्ही राहतो. सोसायटीत १४४ फ्लॅट, पाणी टँकरचं. जानेवारीत महापालिकेची निवडणूक होती, तेव्हा मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की प्रचाराला येईल त्या प्रत्येक उमेदवाराला आपण सह्यांचं पत्र देऊ आणि पाण्याची लाइन कधी येणार ते विचारू. दहा मिनिटांत मेसेज काढून टाकला. खाली सेक्रेटरींचं वाक्य : ‘आपला ग्रुप अराजकीय आहे. इथे राजकारण नको.’ मी कुठल्याही पक्षाची नाही. मी स्वतःला अराजकीयच समजत होते. माझं चुकलं काय? आणि हा शब्द नेमका कशाला लावायचा? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं काहीही चुकलेलं नाही.

मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. राजकारणापासून लांब राहणं ही आमच्या नोकरीची अटच होती. १९७९च्या वर्तणूक नियमांनुसार आम्हाला पक्षाचं सभासद होता येत नाही, प्रचार करता येत नाही. मत देता येतं, पण ते कुणाला दिलं किंवा देणार, हे कळू द्यायचं नाही. मी हे कसोशीने पाळलं आणि ते मला आजही पटतं. कामासाठी टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला खुर्चीतल्या बाईचा पक्ष कळता कामा नये. याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, निःपक्षपाती. तुमच्या ग्रुपवर प्रचाराचे फॉरवर्ड नकोत, नेत्यांवरून हमरीतुमरी नको, एवढाच नियम असेल तर तो मोडू नका. १४४ घरांना एकाच टाकीचं पाणी प्यायचं आहे.

पण ‘अराजकीय’ म्हणजे तेवढंच नव्हे. (वर्तमानपत्रं बहुधा ‘बिगरराजकीय’ लिहितात ते बरं, कारण ‘अराजकीय’ वाचलं की पहिल्यांदा ‘अराजक’ डोळ्यासमोर येतं.) घोटाळा खरा ‘राजकारण’ या शब्दाचा आहे. ‘त्यांच्या घरात फार राजकारण चालतं’ म्हणताना आपल्या मनात कुरघोडी असते, लावालावी असते. म्हणून ‘राजकारण नको’ म्हणणारा बहुतेक वेळा ‘भांडण नको’ म्हणत असतो. तुमचे सेक्रेटरीही तेच म्हणत असतील, त्यांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. मात्र पाण्याची लाइन आधी कुठल्या गावाला टाकायची, त्यासाठी अंदाजपत्रकात किती पैसे धरायचे, तोवर टँकरचा खर्च कुणी सोसायचा, हे ठरवणं म्हणजेच राजकारण. कुठल्याही पक्षाचं उपरणं गळ्यात नसलं तरी.

तुमच्या गावाचंच बघा. २०२१च्या जूनअखेरीस गाव महापालिकेत गेलं आणि ग्रामपंचायत संपली. २०२२च्या मार्चमध्ये महापालिकेचीही मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर निवडणूक झाली ती थेट २०२६च्या जानेवारीत. म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं तुम्हाला ना ग्रामपंचायत सदस्य होता, ना नगरसेवक. निर्णय मात्र होतच होते, आणि टँकरची बिलंही येतच होती. इतक्या वर्षांनी विचारायला माणूस मिळाला आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला गप्प बसवलं. मला याचं फार वाईट वाटलं.

आता मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगते. आपल्याकडे गावातलं परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करायला महिलांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. पण यात एक मेख आहे. निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात ती झालेल्या मतदानाच्या हिशेबाने नव्हे, तर गावच्या यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. जी बाई घरी राहते, तिचं वजन आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अशा मतदानाला माझी ड्यूटी होती. शाळेच्या फाटकाबाहेर दुपारी एक बाई येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसंच, भाकऱ्या टाकताना उठून आलेली असावी. जावेने तिला आत ढकललं, तशी ती मागे सरली. म्हणाली, ‘आम्ही नाही बाई राजकारणात.’ पदराला हात पुसले आणि निघून गेली. मी खिडकीतून पाहत होते. तिला हाक मारून यादीचा हिशेब समजावणं माझ्या कामात बसत नव्हतं. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीचा गठ्ठा केवढा तरी मोठा, उभीचा हातात मावेल एवढा. तरीही आडवीला सतरा मतं कमी पडली आणि दुकान राहिलं. त्या सतरांतली एक मी चेहऱ्याने ओळखते.

त्या बाईला मी दोष देत नाही. राजकारण म्हणजे पुरुषांची पॅनेलं, जीपगाड्या आणि रात्रीची जेवणावळ, एवढंच तिने पाहिलेलं. तिच्या घरात रोज रात्री काय होतं, त्याचा राजकारणाशी संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या ग्रुपवर तर सगळे शिकलेले आहेत. म्हणून ‘अराजकीय’ शब्द कुणी वापरला की विचारायचं : कशापासून लांब? पक्षापासून लांब असाल तर उत्तम. प्रश्नापासूनच लांब असाल, तर ती उदासीनता झाली. तिला तिच्याच नावाने हाक मारायला हवी.

आता पुढे काय करायचं? निवडणूक झाली असली तरी तुमचं पत्र शिळं झालेलं नाही. पुण्यात बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक निवडून जातात. पक्ष कुठलाही असो, तेच पत्र सगळ्यांना द्या. शब्दाचाही फरक नको, आणि प्रत्येकाकडून दुय्यम प्रतीवर पोच घ्या. अशा भागात इमारतीची परवानगी घेताना बिल्डरने बरेचदा पाणी पुरवण्याचं हमीपत्र दिलेलं असतं. ते माहिती अधिकारात मागून घ्या. आणि ग्रुपवर वाद घालत बसू नका, मेसेज कुणालाही काढता येतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेवर ‘पाणीपुरवठा व टँकरखर्च’ असा विषय घ्या म्हणून सेक्रेटरींना आतापासूनच लेखी द्या. त्या अर्जाचीही पोच घ्या आणि फायलीत सगळ्यात वर तीच लावा.